थोरल्याचं नाव टॅक्सच्या कागदावर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

थोरल्याला मी 'त्याच्या बाबांच्या नावावर करून दिलं' असं मावशीनं तुमच्या कानावर घातलंय म्हणे. फोनवर आईचा गळा दाटून येतो नि बोलणं तिथंच थांबतं, म्हणून लिहिते.

दोन्ही मुलं माझ्याकडेच आहेत. कोर्टानं दिलेला ताबा तसाच आहे. सही केली ती टॅक्सच्या फॉर्मवर. इथे आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, चक्क रात्री मोजतं. वर्षभरात मूल ज्याच्या घरी जास्त रात्री राहिलं, मूल आपल्या टॅक्समध्ये दाखवायचा त्याचा हक्क पहिला. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर निळ्या फुल्या असतात ना, त्या मुलं बाबांकडे मुक्कामाला गेल्याच्या. आई, तुला त्या माझ्या औषधांच्या खुणा वाटल्या होत्या!

घटस्फोटाच्या वेळीच ठरलं होतं, थोरला बाबांच्या टॅक्समध्ये, धाकटी माझ्या. पण नुसता कोर्टाचा कागद त्यासाठी पुरत नाही. २००८ नंतरच्या घटस्फोटांत माझ्या सहीचा फॉर्म ८३३२, म्हणजे तो हक्क सोडल्याचा कागद, लागतोच. बाबा, तुम्ही जन्मभर बँकेत सह्या तपासल्यात, म्हणून सांगते: फॉर्मवर 'पुढची वर्षं' असाही भाग आहे, तो मी कोरा ठेवलाय. एका वर्षापुरतीच सही. मुलांच्या खर्चाचे पैसे वेळेवर आले की पुढच्या वर्षीची.

त्यातून मुलांच्या बाबांना चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे टॅक्समधली सूट, मिळेल, २०२५ सालासाठी जास्तीत जास्त २,२०० डॉलर. 'हेड ऑफ हाउसहोल्ड'चा (एकटीनं घर चालवणारीचा) दर्जा आणि पाळणाघराच्या खर्चावरची सवलत सही दिली तरी माझ्याकडेच राहते. तो मुलांसाठी देतो त्या पैशांवर मला टॅक्स नाही. आणि न ठरवता दोघांनीही एकच मूल दाखवलं, तर ऑनलाइन भरलेलं दुसरं रिटर्न बहुधा परत येतं, मग दोघांनाही पत्रं. तो ताप कुणाला हवाय?

तुम्हाला दोघांना मात्र मी आश्रित म्हणून दाखवू शकत नाही, कितीही पैसे पाठवले तरी. त्यासाठी अमेरिकेचं नागरिक तरी असावं लागतं, नाहीतर अमेरिकेत, कॅनडात किंवा मेक्सिकोत राहावं लागतं. मेक्सिकोला जायचा विचार असेल तर कळवा.

मावशीला एवढं वाचून दाखवा. जूनमध्ये शाळा संपली की दोघांनाही घेऊन येते, त्यांच्या बाबांचं संमतीपत्र आलंय. तोवर बाबांनी गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्यावा, टाळाटाळ नको.

तुमची,
ताई