अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजताना

महोदय,

बाळाने मान कधी धरली, ते पालथे कधी पडले, याचे महिने मोजताना अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हमखास अन्याय होतो. ३२ आठवड्यांचे जन्मलेले बाळ ४० आठवड्यांच्या हिशेबाने ८ आठवडे आधी आलेले असते. ते ६ महिन्यांचे झाले तरी अपेक्षा साधारण ४ महिन्यांच्या बाळाएवढीच ठेवावी. वयातून लवकर आलेल्या आठवड्यांची ही वजाबाकी २ वर्षांपर्यंत करावी. लसी मात्र सहसा जन्मतारखेनुसारच द्यायच्या असतात. गल्लत होते ती इथेच. वर्षाच्या आत सतत एकच हात वापरणे, येत असलेली हालचाल किंवा हुंकार बंद होणे, मोठ्या आवाजाला न दचकणे, हे वजाबाकीत बसत नाही, म्हणजे बाळ लवकर जन्मले म्हणून असे होते असे समजू नये. तेव्हा लगेच डॉक्टरांना दाखवावे.

– एक वाचक