रेग्युलेटर बिघडतो तो किनाऱ्यावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पुरवण्यांमधून स्कूबा डायव्हिंगवर लेख येऊ लागतात. प्रवाळ, मासे, पाण्याखालचे फोटो, सगळं असतं. ज्यातून माणूस खाली श्वास घेतो त्या उपकरणाच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या, वाट्याला मात्र फार तर एक ओळ येते : ‘साहित्य सुस्थितीत असल्याची खात्री करून घ्या.’ ही खात्री करायची कशी, हे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

वर्षातून एकदा सर्व्हिसिंग केलं की वर्षभर बघायला नको, असा सर्रास समज आहे. सर्व्हिसिंग हवंच, पण दोन सर्व्हिसिंगच्या मधे, डाइव्हनंतर लगेच उपकरण कसं धुतलं जातं, यावर त्याचं बरंचसं आयुष्य ठरतं.

सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. रेग्युलेटरची सिलिंडरला लागणारी फर्स्ट स्टेज तो भोवतालच्या दाबापेक्षा जेमतेम ९ ते १० बार जास्त राहील इतका उतरवते आणि तोंडातली सेकंड स्टेज तो श्वास घेण्याजोगा करते. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी शर्टाच्या बटणाएवढी धातूची जाळी, म्हणजे फिल्टर असतो. खारं पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा इथूनच, आणि ते शिरू देतो आपणच. रेग्युलेटर काढल्यावर डस्ट कॅप (फिल्टरवर बसणारं झाकण) कोरडी करायची म्हणून सिलिंडरची हवा फुस्सकन सोडायची सवय अनेकांना असते. त्या झोताने कॅपवरचे थेंब उडतात आणि शेजारीच उघड्या असलेल्या फिल्टरवर बसतात. कॅप फडक्याने पुसावी, बोट फिरवून ओल राहिली नाही ना ते पाहावं, मगच घट्ट बसवावी.

नंतर रेग्युलेटर नुसता नळाखाली धरून चालत नाही. कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवला तर मीठ विरघळतं. वरवर धुतलं की ते खाचांमध्ये वाळून खडे धरतं आणि ते खडे ओ-रिंगला (सांध्यातून हवा सुटू न देणाऱ्या रबरी कड्याला) कानशीसारखे घासत राहतात. भिजत असताना सेकंड स्टेजवरचं पर्जचं, म्हणजे हवा सोडायचं, बटण दाबायचं नाही. हवेचा दाब नसताना ते दाबलं की सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून (जोडनळीतून) थेट फर्स्ट स्टेजपर्यंत चढतं. जमत असेल तर रेग्युलेटर सिलिंडरला लावून, हवा चालू ठेवूनच धुवावा. मग आत पाणी शिरायला वाटच राहत नाही. वाळवायचं सावलीत, आणि होज फर्स्ट स्टेजपाशी काटकोनात मोडून टांगायचे नाहीत. होजवरचं प्लास्टिकचं आवरण अधूनमधून मागे सरकवून बघा, चिरा त्याच्याखाली लपलेल्या असतात.

टॉर्चच्या उजेडात फिल्टर पाहिला तर तो बरंच काही सांगतो. हिरवट दिसला तर आत पाणी गेलंय. तांबूस असेल तर पोलादी सिलिंडरच्या आतला गंज निघून आलाय, म्हणजे दुखणं रेग्युलेटरचं नसून सिलिंडरचं आहे. काळसर असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा किंवा तेल येतंय. अशा ठिकाणी हवा भरून घेणं त्याच दिवशी थांबवावं.

दुसरी तपासणी इंटरमीजिएट प्रेशर गेजची, म्हणजे दोन स्टेजमधला दाब मोजणाऱ्या गेजची. हा छोटा गेज बीसीडीच्या (पाण्यात तरंगणं सांभाळणाऱ्या फुगत्या जाकिटाच्या) इन्फ्लेटर होजला, म्हणजे जाकिटात हवा भरणाऱ्या नळीला, लागतो. सेकंड स्टेजमधून दोन-चार श्वास घेतले की काटा खाली जाऊन वर येतो आणि एका जागी थांबायला हवा. थांबण्याऐवजी तो हळूहळू वर सरकत राहिला, तर आतल्या हाय प्रेशर सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या भागावर) चरा पडलाय किंवा कचरा बसलाय. दाब असाच वाढत गेला की सेकंड स्टेज आपोआप हवा सोडू लागते. बहुतेक रेग्युलेटरची रचनाच अशी असते की बिघाड झाला तर हवा बंद न होता वाहत सुटावी. श्वास चालू राहतो खरा, पण सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो.

‘वर्षभर वापरलाच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला?’ हा प्रश्न नेहमीचा. पडून राहिल्यानेही ओ-रिंग चपट्या होतात आणि सीटवर दाबाचा वळ उमटतो. बहुतेक कंपन्या वर्षाची किंवा १०० डाइव्हची मुदत देतात, काही दोन वर्षांची. आपल्या मॉडेलचं पुस्तक सांगेल ते खरं. सर्व्हिसिंगमध्ये रेग्युलेटर पूर्ण सुटा व्हायला हवा, ओ-रिंग, सीट आणि फिल्टर नवे पडायला हवेत आणि शेवटी दाब मोजलेला असायला हवा. काढलेले जुने भाग मागून घ्या. आणि सर्व्हिसिंगहून आलेला रेग्युलेटर तसाच खोल डाइव्हला नेऊ नका. नवी सीट बसायला थोडा वेळ घेते, तेवढ्यात दाब किंचित बदलतो. शिवाय जोडणीतली चूक असली तर ती पहिल्याच वापरात दिसते. ती चार-पाच मीटरवर दिसलेली बरी.

घरच्या घरी तेल लावणाऱ्यांसाठी एकच वाक्य : शिवणयंत्राचं तेल, गंज सोडवायचे स्प्रे, व्हॅसलीन, यातलं काहीही हवेच्या वाटेला लागता कामा नये. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनशी संबंध येणाऱ्या साहित्यात तर साधं सिलिकॉन ग्रीसही चालत नाही. त्यासाठी वेगळी सफाई आणि वेगळं ग्रीस लागतं.

बीसीडी बाहेरून चकचकीत आणि आतून खारट असतं. तोंडाने फुगवायच्या नळीतून एक तृतीयांश गोडं पाणी भरावं, सगळीकडून हलवावं, उलटं करून त्याच नळीतून काढावं, असं दोन-तीनदा. इन्फ्लेटरच्या बटणात मीठ किंवा वाळू अडकली तर बटण दाबलेलंच राहतं, जाकीट फुगत जातं आणि डायव्हर झपाट्याने वर फेकला जातो. अशा वेळी श्वास रोखला गेला तर फुप्फुसांना इजा होते. म्हणून इन्फ्लेटरचा होज एका हाताने, न बघता सोडवता यायलाच हवा. ठेवताना जाकीट थोडं फुगवून ठेवावं.

सिलिंडर कधी पूर्ण रिकामा करू नये. थोडा दाब ठेवला की दमट हवा आत शिरत नाही. पोलादी सिलिंडरमध्ये पाणी राहिलं तर गंज धरताना आतला ऑक्सिजन वापरला जातो, त्यामुळे वर्षानुवर्षं पडून असलेल्या भरलेल्या सिलिंडरमधली हवा घ्यायचीच नाही. आतली पाहणी आणि जलदाब चाचणी यांच्या मुदती देशोदेशी वेगळ्या आहेत. चाचणी अनेक ठिकाणी पाच वर्षांनी होते आणि तिची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. ६३५१ मिश्रधातूच्या जुन्या ॲल्युमिनियम सिलिंडरना मानेच्या आट्यांपाशी तडे जातात, ते वेगळे तपासून घ्यावेत.

आता भाड्याच्या साहित्याबद्दल, कारण आपल्या वाचकांतले बरेच जण तेच वापरणार. सिलिंडर उघडण्याआधी माउथपीस तोंडात धरून हवा ओढा. काहीही यायला नको. आली, तर माउथपीस फाटलंय, डायफ्रॅमला (सेकंड स्टेजमधल्या पातळ रबरी पडद्याला) छिद्र आहे किंवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. खाली त्याच फटीतून पाणी येईल. मग सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजची काच तोंडापासून दूर वळवून सिलिंडर सावकाश, पूर्ण उघडा. गेजकडे बघत चार-पाच दमदार श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडलाय किंवा फिल्टर तुंबलाय. इन्फ्लेटर दाबून सोडा आणि मिनिटभर थांबा. जाकीट आपोआप फुगत राहिलं तर दुसरं मागा. हवेला तेलकट वास असेल तर ती घेऊ नका. वास नाही म्हणून हवा शुद्ध ठरत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि ३० मीटरवर त्याचा आंशिक दाब (हवेच्या एकूण दाबातला त्याचा वाटा) पृष्ठभागाच्या चौपट होतो. त्यासाठी हवेच्या चाचणीची नोंद दाखवायला सांगावी लागते. सोबत रेग्युलेटरच्या शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीखही विचारा. नोंदवही असेल तर ती दोन मिनिटांत समोर येते.

आपले,
डायव्हिंग साहित्याची देखभाल करणारे काही वाचक