अर्ज दिलास की पोच घे

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

तुझा अर्णव वाचताना-लिहिताना अडखळतो, म्हणून त्याच्याकडे 'लक्ष देऊ' असं शाळेने सांगितलं, एवढ्यावर थांबू नकोस. वर्गशिक्षिका बदलल्या की असं तोंडी आश्वासन हवेत विरतं. मोजता येईल तेवढंच माग, आणि कागदावर माग.

आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घे. नजर किंवा ऐकणं कमी असलं तरी मूल वाचताना अडखळतं, म्हणून पुढच्या तपासणीला हे अहवाल मागतातच. मग सायन, नायर किंवा केईएम रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जातं का याच्या तपासणीसाठी नाव नोंदव. तारीख लांबची मिळते, म्हणून आजच विचार. शाळेचं पत्र, जन्मदाखला, आधार कार्ड आणि प्रगतिपुस्तकं बरोबर ने. सगळ्यात महत्त्वाच्या वह्या. वर्गातल्याच ने, घरी तुझ्यासमोर बसून सुवाच्य उतरवलेल्या नकोत. फळ्यावरच्या अर्ध्या सुटलेल्या ओळी, उलटे पडलेले बी-डी, हातचा विसरलेली बेरीज, हे तपासणाऱ्याला दिसायला हवं. मराठीची वहीही ने. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असली की 'इंग्रजी कच्चं आहे' म्हणून विषय मिटवतात. वेलांट्या आणि जोडाक्षरं मराठीतही सुटत असतील, तर अडचण फक्त इंग्रजीची नाही हे तिथेच कळतं.

आणि एक. बाहेर खाजगीत बुद्ध्यांक चाचणी करून लगेच तीच पुन्हा रुग्णालयात करू नका. ओळखीचे प्रश्न आले की गुण फुगतात. आधी केलेली असेल तर तो अहवाल दाखवा.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षापासून मिळतं, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. पण वर्गातली मदत मागायला त्याची वाट पाहायची गरज नाही.

आता या मदतीसाठी शाळेला द्यायचा अर्ज. मुख्याध्यापिकांच्या नावे दोन प्रती कर. एक कार्यालयात दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. ती पोच फाइलमध्ये ठेव, पुढचा सगळा पत्रव्यवहार तिच्यावर उभा राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या 16 व 17 या कलमांचा उल्लेख एका ओळीत पुरे. कलमांची फैर झाडलीस तर समोरची माणसं वकिलाकडे धावतात, आणि तुला तर शिक्षिका आपल्या बाजूला हव्यात.

मागण्या मात्र नेमक्या लिही. फळ्यावरचा मजकूर त्याला छापील मिळावा. चाचणीत प्रश्न वाचून दाखवावेत. इतिहास-विज्ञानात स्पेलिंगचे गुण कापू नयेत. तासाला 20 मिनिटं जादा वेळ द्यावा. आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं विशेष शिक्षकांनी शिकवावं, आणि ते खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला नको. ज्या तासाला तो चमकतो तोच काढून घेतला, तर शिकवणी त्याला शिक्षा वाटेल. विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचार.

त्याला काय आणि किती शिकवणार, याचा वैयक्तिक आराखडाही लेखी माग. 'वाचन सुधारणे' असं त्यात चालणार नाही. 'दुसरीच्या पातळीचा उतारा आज मिनिटाला 30 शब्द वाचतो, दिवाळीनंतर 45' असं हवं. दर तीन महिन्यांनी बसून तो आकडा तपासायचा.

बहुतेक घरी इथेच चूक होते: सवलत मिळाली की शिकवणं थांबतं. जादा वेळाने वाचन येत नाही. लेखनिक मिळाला तरी उत्तर तोंडी सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे, त्याचा सराव दोन-तीन महिने आधीपासून हवा. दहावीला सवलत म्हणून गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घ्यायचं की नाही, हा निर्णय आता कुणाच्या घाईने करू नका. ते घेतलं की पुढे विज्ञान शाखेची वाट जवळपास बंद होते.

'आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत' असं उत्तर आलं तर तेही लेखी माग. नाही दिलं, तर झालेलं बोलणं त्याच संध्याकाळी ईमेलने कळव. मग तुमच्या भागातल्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांकडे जा, आणि तिथेही अडलं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे. प्रत्येक वेळी पोचेची प्रत जोड.

रुग्णालयातल्या तपासणीबद्दल अर्णवला आधी सांगून ठेव की इंजेक्शन नाही, कोडी आणि प्रश्न आहेत, आणि नापास होण्याचा प्रश्नच नाही. चाचण्या लांबतात, एका दिवसात संपतीलच असं नाही. भरपेट नाश्ता देऊन ने, डबा घे, आणि मुलुंडहून ऑफिसच्या गर्दीची लोकल टाळ. धक्के खात सायनला उतरलेलं मूल पहिल्याच अर्ध्या तासात थकतं, आणि मग जे गुण लागतात ते त्याचे नसतात.

तुझी,
आई