हुमल्यांकडे बघायला शिकवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आभाराचे पत्र एरवी पाकिटात घालून घरी पाठवले असते; पण आपण मला जे दाखवलेत ते सिंधुदुर्गातल्या कोणाही काजू बागायतदाराने एकदा पाहावे असे वाटते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मुंबईची नोकरी सोडून वडिलांची वेंगुर्ला-4 जातीच्या काजूची बाग हाती घेतली, तेव्हा हुमला म्हणजे चावणारी लाल मुंगी, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती. बी गोळा करणाऱ्या बायकांची तक्रारही रास्तच होती, कारण हुमला नुसता चावून थांबत नाही, त्या जागी पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल सोडतो. घरटी जाळून टाक, असे सांगणारे पुष्कळ भेटले. निवृत्तीनंतर रोज सकाळी आमच्या बागेवरून फिरायला जाणाऱ्या आपण मात्र हातातले भिंग माझ्यापुढे धरलेत आणि "आधी नीट बघून घे, मग काय ते कर," एवढेच म्हणालात.

घरटे बांधण्याचे काम चालू असताना आपण मला फांदीखाली उभे केलेत. हुमल्यांची एक रांग पानाची एक कड पायांनी घट्ट धरून दुसरी कड जबड्याने ओढत होती, आणि अंतर जास्त होते तिथे एकाने दुसऱ्याची कंबर धरून जिवंत साखळी केली होती. पाने जवळ आल्यावर काही हुमले जबड्यात पांढरट अळ्या घेऊन आले. अळीचे तोंड एका पानाला टेकवायचे, मग समोरच्या पानाला, पुन्हा पहिल्या पानाला. आणि प्रत्येक खेपेस अळीच्या तोंडातून निघणारा रेशमाचा धागा मागे राहायचा. विणकराच्या हातातला धोटा असाच फिरतो. मोठ्या हुमल्याला स्वतःला रेशीम काढता येत नाही आणि ते देणाऱ्या अळ्या स्वतःसाठी कोष विणत नाहीत, सगळे रेशीम घरट्यालाच जाते, हे आपण सांगितलेत तेव्हा मी पुन्हा भिंग लावून पाहिले.

पण खरी गंमत पुढेच होती. त्याच फांदीवर जरा बाजूला रेंगाळणाऱ्या एका हुमल्याकडे बोट दाखवून आपण म्हणालात, "याचे पाय मोज." पाय आठ भरले! तो हुमल्याचे सोंग घेतलेला कोळी होता. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरलेले, डोके आणि छाती वेगळी वाटावी अशी मध्ये खाच, आणि मुंगीचे डोळे भासावेत असे दोन्ही बाजूंना काळे ठिपके. पानाला धक्का लागताच तो धाग्यावरून खाली लोंबकळला आणि सोंग उघडे पडले. हुमल्यांच्या वाटेला पक्षी सहसा जात नाहीत, त्याचा फायदा हा कोळी घेतो. स्वतः हुमल्यांच्या तावडीत सापडू नये म्हणून मात्र त्यांच्यापासून अंतर राखून असतो. या झाडांखालून मी लहानपणापासून वावरलो आहे, तरी असा प्राणी इथे राहतो याचा मला पत्ता नव्हता.

बागायतदार म्हणून हिशेबाचे बोलायचे तर कोवळी पालवी आणि मोहर शोषून वाळवणारा ढेकण्या हा काजूचा मोठा वैरी, आणि हुमल्यांचा चांगला वावर असलेल्या झाडावर त्याला सुखाने बसता येत नाही. त्यामुळे घरटी आता शाबूत आहेत आणि काढणीच्या बायकांना हातमोजे व पूर्ण बाह्यांचे सदरे दिले आहेत. त्यांची कुरकुर पूर्ण थांबलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. (ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यात याच मुंग्यांची काई चटणी करतात आणि तिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे त्यांना सांगितले तेव्हा मात्र सगळ्या मनापासून हसल्या.) तरीही आपले आभार मानायचे ते उत्पन्नासाठी नव्हेत. उपयोग ठाऊक नसतानाही एखाद्या किड्यापाशी तासभर थांबावेसे वाटणे, हे मला आपल्यामुळे मिळाले.

एक शंका मात्र आहे. हल्ली काही देठांवर झाडाचा रस शोषणारा पिठ्या ढेकूण दिसतो आणि हुमले त्याला खाण्याऐवजी त्याचा गोड स्राव पिऊन वर त्याची राखण करतात. तिथे हात घालावा की नको, ते ठरवता येत नाही. येत्या मोहराला आपण सवडीने बागेत यावे आणि ते देठ एकदा पाहावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक काजू बागायतदार