बाबा चर्चच्या दारात का थांबतात

पनवेल,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आई आणि बाबा,

आई, हे पत्र तू बाबांना मोठ्याने वाचून दाखवायचं आहेस. मधली वाक्यं गाळायची नाहीत, तुझ्याविषयीची तर अजिबात नाहीत. फोनवर हे जमलं नसतं. तू फोन स्पीकरवर ठेवतेस, ओटीवर कोणी ना कोणी बसलेलं असतं, आणि बाबा 'सगळं बरं आहे' म्हणून उठून जातात. मराठीत लिहितेय, कारण आपल्या घरच्या बोलीत भांडता येतं, लिहिता येत नाही. १७४० मध्ये पोर्तुगीज आपल्या कोर्लईचा किल्ला सोडून गेले, त्यांची भाषा आपल्या चुलीपाशी राहिली, अक्षरं मात्र बरोबर घेऊन गेले.

सणाला आले होते तेव्हाचं सांगते. १६ जुलै, कार्मेल मातेची मिस्सा. पाऊस कोसळत होता, दारात ओल्या छत्र्यांचा ढीग. बाबा सगळ्यांबरोबर दारापर्यंत आले आणि उंबरठ्यापाशी थांबले. मागची माणसं बाजूने आत गेली. आई, तू आतून वळून पाहिलंस, डोळ्यांना पदर लावलास आणि पुन्हा वेदीकडे तोंड केलंस. बाबा हळूच सरकून भिंतीला टेकले आणि मिस्सा संपेपर्यंत पागोळ्यांखाली उभे राहिले. दोन वर्षं होत आली, हे असंच चाललंय. गावात याचं कारण सगळ्यांना पाठ आहे: वादळात वाडी गेली आणि यांचा देवावरचा विश्वास उडाला. वर असंही बोलतात की समुद्रावर फिरायला पाय चालतात, चर्चमध्ये जाताना दुखतात. आई, तूही तेच धरून बसलीस. नऊ-नऊ दिवसांच्या किती नोव्हेना केल्यास देव जाणे.

मी त्या दिवशी बाबांच्या तोंडाकडे बघतच नव्हते, पायांकडे बघत होते. टाचा उचलत होत्या, चवडे जमिनीला चिकटलेले. गुडघे थरथरत होते. गेल्या वर्षी बाबांना पार्किन्सन आहे असं ठरलं, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "दारातून जाताना पाय अडकतात का?" बाबांनी लगेच "नाही" म्हटलं होतं. इतकं लगेच, की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आई, या आजारात मेंदूतलं डोपामीन, हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, कमी होतं. आपण विचार न करता ज्या हालचाली करतो, चालणं, वळणं, सही करणं, त्या आपोआप चालेनाशा होतात. मोकळ्या वाळूवर माणूस बरा चालतो. पण अरुंद जागा आली, दार आलं, वळण आलं, की पाय जागच्या जागी थिजतात. पुढे जायची इच्छा असते, पायांपर्यंत हुकूम पोचत नाही. म्हणून बाबा समुद्रावर चालतात आणि चर्चच्या दारात थांबतात. न्हाणीच्या दारातही थांबतात, तू बघ. न्हाणीवरचा विश्वास कोणाचा उडत नाही.

बाबा, तुम्हाला त्या रात्री विहिरीपाशी मी विचारलं. तुम्ही बराच वेळ रहाटाकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "लोकांनी देवावर रागावलाय म्हटलेलं चालतं. पाय गेले म्हटलेलं नाही चालत." हे मी आईला सांगू नये असं तुम्हाला वाटत असेल, तर माफ करा, तिने आत्ताच वाचलं.

आता रागाचं. तो खोटा नव्हता, हेही मला माहीत आहे. ३ जून २०२०ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या खाली किनाऱ्याला लागलं. ताशी १०० किलोमीटरच्या वरचा वारा. फोन बंद, रस्ते बंद, त्यात करोनाची बंदी. मी पास काढून पाचव्या दिवशी पोचले तेव्हा घरावरची अर्धी कौलं अंगणात होती आणि वाडीतल्या ६२ पोफळींपैकी १९ उभ्या होत्या. बाकीच्या एकाच दिशेला आडव्या, कोणीतरी विंचरल्यासारख्या. आदल्या रविवारी, ३१ मेला, पेंटेकॉस्ट होता. चर्चला कुलूप, म्हणून आईने मिस्सा फोनवर पाहिली होती. पवित्र आत्मा सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आला, ते वाचन त्याच दिवशी असतं. बुधवारी पत्रा उडाला तेव्हा बाबा आईला म्हणाले होते, "आला बघ तुझा वारा." आई हे सांगताना रडली होती. मला मात्र हसू आलं होतं, आणि हसल्याबद्दल आजही वाईट वाटत नाही.

मदत हेक्टरी ५० हजार जाहीर झाली. बाबांनी आपल्या अकरा गुंठ्यांचा हिशेब बोटांवर केला, साडेपाच हजार, आणि कोयता घेऊन पडलेली खोडं तोडायला गेले. त्याच पावसात पोफळीची ४० रोपं आणून लावली. बाबा, तुम्ही तेव्हा ७१चे होतात. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलं. ते हिशेबात धरूनच तुम्ही खड्डे काढत होतात. आणि पहाटे पाट फिरवताना एकटेच बोलत होतात. मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकलंय. "हिशेब दे," म्हणत होतात. कोणाला म्हणत होतात? वाडीत दुसरं कोणी नव्हतं.

आई, याला विश्वास उडणं म्हणत नाहीत. ज्याच्याशी संबंध तुटला त्याच्याकडे कोणी हिशेब मागत नाही. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघ, कितीतरी स्तोत्रं कुरकुर करतात, किती वेळ, का, कुठे आहेस म्हणून. क्रुसावर येशूच्या तोंडी आलेले शब्द बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द आहेत, आणि ती सरळसरळ तक्रार आहे. आपण गुड फ्रायडेला ती गुडघे टेकून ऐकतो आणि शनिवारी बाबांना म्हणतो, देवाला असं बोलू नये.

आता ती बाई. नाव लिहीत नाही, तुला कळलंय. ती प्रार्थनेला येते, चहा पिते, आणि जाताना तुला सांगून जाते की घरात विश्वास कमी पडला म्हणून आजार आला, आणि गोळ्या म्हणजे देवावर अविश्वास. तिच्या सांगण्यावरून तू चार दिवस बाबांची गोळी अर्धी केलीस. दादाने आखातातून फोन केला तेव्हा बाबांची जीभ जड झाली होती, हे त्यानेच मला सांगितलं. आई, मी तुझ्यावर ओरडणार नाही. तू घाबरली होतीस. पण ही गोळी एकदम कमी करायची नसते, बंद तर नाहीच. अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, जिवावर बेततं.

तुझ्या मनात ती बाई पुन्हा आली, तर भिंतीवरच्या पोपच्या फोटोकडे बघ. जॉन पॉल दुसरे. फेब्रुवारी १९८६ मध्ये ते मुंबईला आले तेव्हा तुम्ही दोघं रेवसहून लाँचने गेला होतात, मी तुझ्या पोटात होते आणि तू भाऊच्या धक्क्यापर्यंत ओकत होतीस, ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. त्याच पोपना पुढे पार्किन्सन झाला. हात सगळ्या जगासमोर थरथरत होता. २००५च्या ईस्टरला ते खिडकीत आले, बोलायचा प्रयत्न केला, आवाज फुटला नाही, हातानेच आशीर्वाद दिला. आठवड्याभरात गेले. २०१४ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं. त्यांचा विश्वास कमी पडला होता का, एवढंच त्या बाईला विचार. चहा देऊन विचार, हवं तर.

गोळीचं आणखी एक, आणि यात तुझी काही चूक नाही. उपाशीपोटी औषध नको म्हणून तू बांगडा-भात खाऊ घालून मग गोळी देतेस. मासे, डाळ, दूध यांतली प्रथिनं आणि ही गोळी पोटातून एकाच वाटेने आत जातात, आणि गर्दीत गोळी मागे राहते. सकाळी सातला नुसत्या पाण्याबरोबर दे, पेज अर्ध्या तासाने. वेळ चुकवायची नाही. तुझी आंजेलुसच्या प्रार्थनेची घंटा कधी चुकत नाही, तशी.

बाबांना बरं करण्यासाठी तू जी नोव्हेना करतेस ती कर, मी कोण नको म्हणणार. फक्त मला मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली ती गोष्ट सारखी आठवते. चौघं जण लुळ्या माणसाला खाटेवर घालून आणतात. दारात गर्दी, आत जाता येत नाही. मग ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट खाली सोडतात. लहानपणी मला त्या घरमालकाची काळजी वाटायची, पावसाळा असता तर? आता वाचताना वेगळंच दिसलं. येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला असं लिहिलंय. खाटेवरच्या माणसाला तुझा किती आहे असं कोणी विचारलं नाही. त्याने तोंडही उघडलेलं नाही. आणि तोही दारातच अडला होता.

आपल्याकडे चौघं भरत नाहीत. तू आहेस, मी आहे. शेजारचा पाडेली आहे, जो बाबांना रिक्षातून अलिबागला नेतो आणि पैसे घेत नाही, नारळ घेतो. दादा बोटीवर. म्हणून चौथे मी फादरना धरलंय.

काल त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. बाबा, मला माफ करा, पण पायांचंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी दोन वर्षं त्यांच्यासाठी चुकीची प्रार्थना करत होतो म्हणायची."

तर आता असं. थिजलेल्या पायाला बाहेरून ताल मिळाला की तो सुटतो, कधी कधी जमिनीवर आडवी रेघ दिसली तरी सुटतो. तालाची परीक्षा मी सणाच्या रात्री घेतलीय. बाबा माजघराच्या दारात अडकले होते आणि आई आत रोजरी म्हणत होती. मी बाबांना म्हटलं, आईबरोबर म्हणा, आणि प्रत्येक 'नमो मरिया'ला एक पाऊल टाका. तिसऱ्या 'नमो मरिया'ला ते आत होते. आई, तुला वाटलं ते प्रार्थनेला आले. आलेच होते, फक्त कारण वेगळं होतं.

त्यांना ओढायचं नाही, मागून ढकलायचं नाही, 'चला चला' म्हणायचं नाही. शेजारी उभं राहायचं आणि ताल धरायचा.

आणि रेघांसाठी मी शनिवारी चिकटपट्टी घेऊन येतेय. न्हाणीच्या दारात, माजघरात, आणि चर्चच्या उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे, एकेका पावलाच्या अंतरावर. फादरनी परवानगी दिली. फक्त म्हणाले, फरशीला शोभेल अशा रंगाची आण, पिवळी नको. मी पिवळीच आणणार आहे. दिसायला हवी.

तुमची,
धाकटी