काष्ठठशातलं आभाळ सपाट का?

मा. संपादक, स.न.वि.वि.

नुकतंच आमच्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांच्या काष्ठठशांचं, म्हणजे लाकडी ठसा कोरून छापलेल्या वुडकट चित्रांचं प्रदर्शन पाहिलं. होड्या, माड, जेट्टी सगळं ठसठशीत. आभाळ आणि समुद्र मात्र रोलरने फासलेली एकसारखी काळी शाई. विचारलं तर पोरं म्हणाली, "मॅडम, वुडकटमध्ये शेडिंग होत नाही." पोरांचा काय दोष, कुणी दाखवलंच नसेल.

होतं की! जर्मन चित्रकार ड्यूररने पाचशे वर्षांपूर्वी नुसत्या रेघांवर ढग उभे केले. रेघ कुठे जाड ठेवायची आणि कुठे निमुळती करत संपवायची, सगळी करामत तेवढ्यात. आपल्याकडे बंगालच्या हरेन दासांची खेड्यातली काष्ठचित्रं भिंग लावून पाहावीत.

पण कोकणासाठी मला जपानी बोकाशी, म्हणजे गडद रंग फिका करत विरवण्याची छपाईची रीत, जास्त सोयीची वाटते. तिथला चित्रकार हिरोशिगे याचं गडद निळं आभाळ खाली येता येता विरतं, ते कोरल्यामुळे नव्हे, छापण्यामुळे. ठशाचा तेवढा भाग ओल्या फडक्याने पुसायचा. रुंद ब्रशच्या एका कडेला रंग, दुसरीला नुसतं पाणी, आणि ब्रश त्या पट्ट्यावर आडवा फिरवायचा. मग ओलसर कागद ठेवून पाठीमागून घासायचं. प्रत्येक प्रतीला हे नव्याने, त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या येत नाहीत. (आपल्या परीक्षकांना नेमकं याचंच वावडं!)

रंग पाण्याचा, जोडीला तांदळाची खळ. तेलाची शाई आमच्याकडे जुलैत वाळता वाळत नाही, म्हणून छपाई दिवाळीनंतर ढकलतात. बोकाशीला उलट दमट हवाच मानवते; एप्रिलच्या उन्हात रंग ठशावरच सुकतो. पथ्य एकच: कागद लागेल तेवढाच भिजवावा. दोन दिवस ओला राहिला की बुरशी आलीच.

सावर्डे आणि देवरुखच्या कला महाविद्यालयांनी पावसाळ्यात याची कार्यशाळा घ्यावी आणि सावंतवाडीच्या गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवणाऱ्या कारागिरांना बोलवावं, ही विनंती. त्या हातांना ब्रशवर पाणी किती घ्यायचं हे शिकवावं लागणार नाही.

माझ्या पडवीत शिवणीच्या लाकडाच्या रंधा मारलेल्या फळ्या आहेत, खळ घरची. फक्त पाण्यात न फाटणारा, लांब धाग्याचा हातकागद इथे मिळत नाही. तो कुठे मिळतो हे वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर याच सदरात जरूर कळवावं.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, वेंगुर्ले