पाळीव कुत्र्याला फाटकाबाहेर एकटे सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोकाट कुत्र्यांचा विषय निघाला की आपले लक्ष साहजिकच बेवारस कुत्र्यांकडे जाते. पण रस्त्यावर एकटी हिंडणारी कितीतरी कुत्री घरची असतात. त्यांच्या गळ्यात पट्टा असतो, त्यांना वेळच्या वेळी खायला मिळते आणि ‘जा, फिरून ये’ असे म्हणत मालकानेच त्यांच्यासाठी फाटक उघडलेले असते. या सवयीविषयी मला लिहायचे आहे, कारण ती आमच्या घरातही सहा वर्षे होती.

आमचा कुत्रा पहाटे बाहेर जाई आणि पाऊण तासात परत येऊन फाटकाशी उभा राही. तो शहाणा आहे, त्याला रस्ता कळतो, असे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत असू. एके दिवशी तो मागचा पाय फरफटत आला. मांडीचे हाड मोडले होते. धडक कुठे बसली, कशाची बसली, हे आजतागायत कळलेले नाही. रस्ता कळतो म्हणजे घराची वाट सापडते, एवढाच त्याचा अर्थ होता. समोरून मांजर पळाले की कुत्र्याचे सारे भान त्या मांजरापाशी असते, हे आम्ही कधी ध्यानात घेतले नव्हते.

अपघात निदान दिसतो तरी. एकटा फिरून आलेला कुत्रा उंदरांसाठी ठेवलेले विष खाऊन आला असेल, तर ते बहुधा लगेच कळत नाही, कारण रक्त गोठू न देणाऱ्या विषाची लक्षणे दिसायला काही दिवस लागतात. त्याला पिसाळलेले जनावर चावले असेल, तर दाट केसांखालची छोटी जखम घरातल्या कोणाच्या नजरेस पडत नाही. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस काय किंवा कुत्रा काय, तो वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच कोणालाही चावा बसला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जायला हवे; पण कुत्रे एकटेच बाहेर असेल तर ते कोणाला चावले, हे मालकाला कळणार तरी कसे? ‘आमचा कधी चावत नाही’ हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे. ते घरापुरते खरे होते. दुसऱ्या दोन कुत्र्यांच्या संगतीने सायकलमागे धावणारा तोच कुत्रा वेगळा असतो आणि सायकलवरच्या मुलाला त्याचा स्वभाव ठाऊक नसतो. शिवाय नसबंदी न केलेला नर माजावर आलेल्या मादीच्या वासाने दूरवर जातो, आणि सुमारे 63 दिवसांनी जन्मणाऱ्या पिलांची जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येत नाही.

मात्र यावर उपाय म्हणून कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवणे मला मान्य नाही. गळ्याला जखमा होतात, साखळी खांबाभोवती गुंडाळली गेली की हाताच्या अंतरावरचे पाणीही मिळत नाही, आणि पळून जाण्याची वाटच नसलेले जनावर जवळ येणाऱ्यावर अधिक भुंकते, अंगावर जाते. त्याला हवे असते ते पक्के कुंपण, सावली, पाणी आणि रोज माणसाबरोबर पट्ट्याने बांधून, पण वास घेत रमतगमत केलेली फेरी. कुंपणही एकदा घालून विसरण्याची गोष्ट नव्हे. आमचा कुत्रा बरा झाल्यावर फाटक बंद असूनही दोनदा बाहेर दिसला. मी जमिनीवर बसून पाहिले, तेव्हा फाटकाच्या सर्वांत खालच्या गजाला त्याच्या पाठीचे तांबूस केस चिकटलेले होते आणि खालची माती नखांनी वीतभर उकरलेली होती. तिथे आम्ही दगडी फरशी बसवली. कडी आपोआप अडकेल अशी लावली आणि घराचे दार बंद असल्याशिवाय फाटक उघडायचे नाही, ही सवय सर्वांनी लावून घेतली. नसबंदीने नरांचे भटकणे बरेचदा कमी होते, पण ती कुंपणाची जागा घेऊ शकत नाही. त्वचेखाली बसवलेल्या मायक्रोचिपवरून कुत्रे कुठे आहे हे समजत नाही; ते सापडल्यावर यंत्राने क्रमांक वाचता येतो, तोही मालकाचा पत्ता नोंदीत अद्ययावत असेल तरच उपयोगी पडतो. म्हणून पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक ठळक कोरलेला असावाच.

वाचकांना एक विनंती आहे. अपघातानंतर ओळखीच्या तिघांनी मला सांगितले की, आमचा कुत्रा रोज पहाटे मोठा रस्ता ओलांडताना त्यांना दिसत असे. मला ते ठाऊक असेल असे समजून कोणी बोलले नव्हते. मला ते ठाऊक नव्हते. तो मागच्या गल्लीपर्यंतच जातो, अशी माझी समजूत होती. आपल्याला कोणाचे पाळीव कुत्रे रस्त्यावर एकटे दिसले, तर त्याच्या मागे धावू नका, कारण ते बिचकून वाहनांत शिरू शकते; पण त्याच दिवशी मालकाला ते कुठे आणि किती वाजता दिसले, हे अवश्य कळवा.

आपला,
एक वाचक